चवदार तळं खुलं झालं, बागेचं काय?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरू लागते. चंद्रपूर परिसरात कुटुंबासह फिरायला जाण्याची ठिकाणं. ताडोबा, रामाळा तलाव, आझाद बाग, विसापूरचं वनस्पती उद्यान. थोडं लांब जायची तयारी असेल तर घोडाझरी, आणि गडचिरोलीकडे वळलात तर आलापल्लीचं वनवैभव. यादी खोटी नाही. ठिकाणं आहेत, चांगलीही आहेत. आमचा प्रश्न 'कुटुंबासह' या एका शब्दाला आहे. कुणाच्या कुटुंबासह?

बाबूपेठमध्ये राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिची दुपार दोनच्या सुमारास मोकळी होते. मे महिन्यात त्या वेळी चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. डोक्यावर तापलेला पत्रा, त्यात लाईट गेलेली. तिला हवी आहे झाडाखाली बसायची जागा. घरापासून चालत दहा मिनिटांवर, फुकट, आणि 'इथे का बसलीस' असं कुणी विचारणार नाही अशी. एवढीच मागणी. पण शहरांतल्या बहुतेक बागा दुपारी कुलूपबंद असतात! पहाटे उघडतात, संध्याकाळी उघडतात. म्हणजे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला येणाऱ्यांच्या सोयीचं. ज्याला सावलीची खरी गरज आहे त्याच्या गरजेच्या वेळी बाग बंद. हा नियम कुणी जातीचं नाव घेऊन केलेला नाही, हे आम्हाला माहीत आहे. जातीचं नाव न घेता जात चालवणं हीच तर या व्यवस्थेची खुबी आहे.

चंद्रपूर हे काही साधं गाव नाही, मित्रांनो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर आपलाच नंबर. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. वीज महाराष्ट्रभर जाते, राख इथे राहते. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल यांच्या आसऱ्याने वस्त्या वाढल्या. साहेबांच्या कॉलन्या वेगळ्या झाल्या आणि कंत्राटी मजुरांच्या वस्त्या वेगळ्या. अशा एका कॉलनीत आमच्यातले काही जण लहानपणी वडिलांचा डबा द्यायला जात. आत गुलमोहर, हिरवळ, घसरगुंडी, झोपाळा. गेटवरचा माणूस डबा घ्यायचा आणि म्हणायचा, 'पोट्टेहो, इथूनच परत जा.' तो माणूसही आपल्याच वस्तीतला होता. त्याच्यावर आमचा राग नाही. भिंतीच्या आत झाडं आणि भिंतीबाहेर धूळ ही वाटणी ज्याने केली त्याच्यावर आहे.

आता आपल्याच चळवळीतल्या एका आक्षेपाकडे वळू, कारण खरं भांडण तिथे आहे. आम्ही हा विषय काढला की काही ज्येष्ठ कार्यकर्ते हसतात. म्हणतात, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, भरती निघत नाही, पोरींवर अत्याचार होतात, आणि तुम्हाला बागा सुचतात? हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. आधी भाकरी, मग बगीचा.

आम्हाला हे मुळीच मान्य नाही. भाकरी आधी, हा युक्तिवाद आपल्याला नेहमी दुसऱ्यांनी ऐकवला आहे. शाळेत जायचं म्हटलं तर आधी भाकरी बघ. मंदिरात जायचं म्हटलं तर आधी भाकरी बघ. बाबासाहेबांनी तो कधी मानला नाही. १९४५ साली त्यांनी 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' हे पुस्तक लिहिलं. त्यात गांधीवादावर टीका करताना त्यांनी एक मुद्दा धरला आहे, जो आपल्या व्याख्यानांतून फारसा येत नाही. तो म्हणजे फुरसतीचा. माणूस आणि जनावर यांत फरक काय? जनावर पोट भरण्यापलीकडे जात नाही. माणसाला संस्कृतीचं जीवन जगायचं असेल तर त्याच्या हातात मोकळा वेळ हवा, आणि यंत्राने काम हलकं झाल्याशिवाय तो कष्टकऱ्याला मिळणार नाही, अशी त्यांची मांडणी आहे. गांधींच्या चरख्याला त्यांचा विरोध होता त्याचं हे एक कारण. राबणाऱ्याने आयुष्यभर राबत राहावं, हे त्यांना मंजूर नव्हतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना कामाचे तास आठवर आणण्याच्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातलं, ते याच विचाराला धरून.

मग विचारा स्वतःला: कामाचे तास कमी झाले, हातात दोन तास आले, तर माणसाने ते घालवायचे कुठे? सवर्ण मध्यमवर्गाकडे बाल्कनी आहे, क्लब आहे, गावाकडचं वावर आहे, गाडी काढून ताडोबाला जायची सोय आहे. वस्तीतल्या पोराकडे काय आहे? पानठेला. आणि मग तोच पोरगा पानठेल्यावर बसलेला दिसला की म्हणायचं, हे लोक टवाळ. त्याला बसायला दुसरी जागा ठेवलीच नाही, हे कोण सांगणार?

आता इतिहासाकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं तेव्हा कुठे तो कागद जिवंत झाला. आणि त्या पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं. ज्यांना वाटतं सार्वजनिक जागा आपोआप सार्वजनिक असते, त्यांनी ही दहा वर्षं लक्षात ठेवावीत.

महाडची ती ओंजळ पुढे संविधानात आली. अनुच्छेद १५ (२) काढून वाचा. राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी नेमून दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' हे शब्द अधोरेखित करा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमाच्या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी एक लांबलचक दुरुस्ती मांडली होती. तिच्यात सार्वजनिक उद्यानं, बागा, संग्रहालयं यांची नावं घेऊन यादी होती. ती दुरुस्ती मंजूर झाली नाही. सभेने सर्वव्यापी शब्दच ठेवला. त्या शब्दात स्मशानभूमी येते का, असा प्रश्न त्याच चर्चेत निघाला. सरकारी पैशातून राखलेली असेल तर येते, या अर्थाचं उत्तर बाबासाहेबांनी दिलं. जिथे स्मशान बसतं तिथे बाग बसत नाही असं कोण म्हणेल? नगरपालिकेच्या पैशाने राखलेली बाग ही सार्वजनिक राबत्याची जागा आहे. तिच्यात बसायचा आपला हक्क महाडच्या तळ्यातून आलेला आहे.

फक्त एक भोक राहिलं आहे. त्या कलमात जात आहे, धर्म आहे, लिंग आहे. पैसा नाही. तिकीट लावलं की कुणालाही जातीवरून अडवलं असं होत नाही आणि तरी नेमके तेच लोक बाहेर राहतात. अंतर वाढवलं की तेच. वेळ बदलली की तेच. शंभर वर्षांपूर्वी तळ्याकाठी लाठी घेऊन माणसं उभी होती. आज एक फलक पुरतो.

वस्तीत बाग का नसते? जागा नसते, असं उत्तर मिळतं. हे उत्तर तपासून बघा. महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपल्या विदर्भात तिला सगळे 'ओपन स्पेस'च म्हणतात. त्याशिवाय शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, खेळाच्या मैदानासाठी आरक्षणं असतात. पण आरक्षणाची जागा १० वर्षांत संपादन झाली नाही, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं आणि तिथे इमारत उभी राहते. नोकरीतलं आरक्षण गेलं की आपण रस्त्यावर येतो. बागेचं आरक्षण गेलेलं आपल्याला कळतही नाही.

आणि ओपन स्पेसचं काय होतं ते आम्ही सांगायला हवं का? आधी एका झाडाखाली शेंदूर लागतो. मग ओटा. मग टिनाचं शेड, मग भोंगा, मग सभामंडप आणि समोर देणगीदारांच्या नावांची फरशी. लेकरांनी चेंडू मारला की पुजारी ओरडतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात स्पष्ट सांगितलं आहे: सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि इतर सार्वजनिक जागांवर अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका. त्यात कोणत्याही धर्माला सूट नाही.

इथे कुणीतरी लगेच विचारेल, आणि तुमचे विहार? बरोबर प्रश्न आहे. टाळायचा नाही. अनेक वस्त्यांत विहार ओपन स्पेसवर उभा आहे, कारण आपल्याला दुसरी जागा कुणी दिली नव्हती, विकतही दिली नव्हती. हे खरं असलं तरी न्यायालयाचा नियम आपल्यालाही लागू आहे, आणि त्याहून वरचा नियम आपला स्वतःचा आहे. विहाराचं आवार कुलूप लावून ठेवण्याची वस्तू नाही. विहारासमोर चार कडुनिंब, एक पिंपळ, पाण्याचा माठ, बसायला बाकडी, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं फाटक, तेही जात न विचारता. असा विहार असेल तर आम्ही त्याच्यासाठी भांडू. फक्त वर्षातून तीन दिवस उघडणाऱ्या सिमेंटच्या हॉलसाठी भांडणं आम्हाला जड जाईल.

बुद्धाची गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांना हे समजावायला नको. लुंबिनीचं वन. उरुवेलेचा पिंपळ. पहिलं प्रवचन सारनाथच्या मृगदावात, म्हणजे हरणांच्या रानात. बिंबिसाराने संघाला दिलेलं पहिलं दान वेळुवन, म्हणजे बांबूचं बन. अनाथपिंडिकाचं जेतवन ही बाग, आंबपालीने दिलं तेही आमराईच. शेवट कुसिनाऱ्याच्या दोन साल वृक्षांमध्ये. सगळा धम्म झाडांखाली सांगितला गेला आणि आपण विहार बांधताना आधी झाड तोडतो. आणि बांबूचं म्हणाल तर आपला जिल्हा बांबूचाच! वर्षानुवर्षं इथला बांबू कवडीमोलाने पेपर मिलला गेला आणि सूप-टोपल्या विणणारा बुरूड, जो अनुसूचित जातीतला आहे, हिरव्या बांबूसाठी वनखात्याच्या दारात कार्ड घेऊन उभा राहिला. वेळुवन इथे आहे. ते कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आहे.

त्यासाठी ताडोबाबद्दल बोलावं लागतं. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आलं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. 'उद्यान' हा शब्द बघा. उद्यान म्हणजे बाग. मग ही आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी बाग झाली. ज्याच्या नावाने ती आहे तो तारू गोंडांचा. वाघाशी लढताना गेला आणि देव झाला, असं लोक सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. त्याच्या लेकरांची बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं आतून उठवून बाहेर बसवली गेली, आणि तळ्याकाठी पौषात भरणाऱ्या जत्रेवर बंधनं आली. आत आता जिप्सी फिरतात. एका फेरीचं भाडं, गाइड आणि प्रवेश मिळून जो खर्च येतो तो शेतमजूर बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा असतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा वाघ पाहून फोटो टाकतो. त्याच्या फोटोखाली लाइक पडत असताना वाघ कोर-बफरच्या रेषा न वाचता बाहेर येतो आणि भेटतो कुणाला? २०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लेकरंही होती. चंद्रपूर शहराला लागून असलेली ही वस्ती आहे, कुठलं घनदाट रान नव्हे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या.

आम्ही वाघाच्या विरोधात नाही. हे पुन्हा सांगतो, कारण लगेच तसा शिक्का मारला जातो. आमचं म्हणणं एवढंच: एकाच जंगलाची दोन तिकिटं आहेत. एकाला ते सुट्टीचं ठिकाण, दुसरीला मोहफूल-तेंदूच्या रोजीचं. पहिल्याची सुरक्षितता गाइड, वायरलेस आणि बंद गेटने सांभाळली जाते. दुसरी मेली की नुकसानभरपाईचा फॉर्म.

आणि हिरवाईचे जे प्रेमी आपल्याला शिकवायला येतात, त्यांच्याबद्दल एक शब्द. सगळे सारखे नाहीत. रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये इको-प्रोच्या बंडू धोतरेंनी उपोषण केलं. गोंड राजांच्या काळातलं ते तळं शहराच्या सांडपाण्याने मरत होतं. अशा माणसाशी आपलं भांडण असायचं कारण नाही. उलट तळं वाचलं तर त्याच्या काठावर आपलीच लेकरं बसतील. आमचा राग त्यांच्यावर आहे ज्यांना सरपणाची मोळी घेऊन येणारी म्हातारी जंगलाची शत्रू दिसते आणि खाण दिसत नाही. २०२५ मध्ये गडचिरोलीत लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरहून जास्त वनजमीन वळवायला केंद्राने मान्यता दिली. त्यात लाखावर झाडं जायची आहेत. त्या दिवशी सेल्फी-पर्यावरणवाले कुठे होते?

गडचिरोलीत आमच्या एका मित्राने विचारलं, 'आमच्याकडे तीन चतुर्थांश जिल्हा जंगल आहे, आम्हाला बाग कशाला?' प्रश्न गमतीचा वाटतो, पण आहे खोल. तिथे बागेची जागा वनहक्काने घेतली आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये गावाने आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हातात घेतला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असा हक्क आहे. इकडे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही तो मिळवला. जंगल ग्रामसभेचं झालं की त्यात बसायला, फिरायला, लेकरांना न्यायला गार्डाची परवानगी लागत नाही. हीच सर्वात मोठी सार्वजनिक बाग.

पण या गावांत फक्त आदिवासी राहत नाहीत. झाडीपट्टीतल्या कितीतरी गावांत बौद्ध मोहल्ला आहे. आपल्या माणसांना २००६ चा कायदा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवावा लागतो. आपल्याला त्या तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. हिशेब करा: १९३०. त्या वर्षी आपली माणसं नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी उभी होती. इथल्या मालगुजाराच्या कागदात महाराचं नाव कोण लिहीत होतं? ज्याला कागदापासून लांब ठेवलं त्याच्याकडे आज कागद मागायचा! तरी वैयक्तिक दावे भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की मागितलेली ७५ वर्षं वास्तव्याची आहेत, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नव्हेत. आणि नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. कारकून हे सांगत नाही. तुम्ही सांगा. आणि सामूहिक दाव्याच्या ग्रामसभेत मागे बसू नका. गोंड-माडियांच्या हक्काला धक्का न लावता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसा. आपल्याला एकमेकांविरुद्ध उभं करणारे भरपूर आहेत.

बागेचा प्रश्न उचलला की प्रस्थापितांना तो किती झोंबतो, हे आपण पाहिलं आहे. मायावतींनी लखनौला डॉ. आंबेडकरांच्या नावाने विस्तीर्ण परिवर्तन स्थळ उभारलं, २०११ मध्ये नोएडात राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ खुलं झालं. तेव्हा केवढा गहजब झाला! पैशाची उधळपट्टी, झाडांची कत्तल, ओखल्याच्या पक्ष्यांचं काय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अटी घालून परवानगी मिळाली. ज्या शहरांत गोल्फची मैदानं आहेत त्या शहरांना आपली बाग खुपली. (आज लखनौच्या त्या स्थळालाही तिकीट आहे, हे आम्हाला आवडत नाही. आपलं नाव लागलं म्हणून तिकीट गोड होत नाही.) आणि शेजारच्या नागपुरात अंबाझरी उद्यानाच्या जागेवरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं, कारण तिथे खासगी विकासकाचा पर्यटन प्रकल्प यायचा होता. २०२३ मध्ये आपल्या बाया तिथे धरण्यावर बसल्या, ऊन-पावसात बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की बाग हा मध्यमवर्गीय विषय आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले आणि इथे दीक्षा दिली. नागपूरनंतर हे भाग्य याच गावाचं. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडेंच्या या गावात दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला लाखभर पाय दीक्षाभूमीच्या मैदानात उमटतात. त्या दोन दिवसांत कुणी आपल्याला उठ म्हणत नाही. उरलेल्या ३६३ दिवसांचं बोलू या.

येत्या ऑक्टोबरच्या आधी प्रत्येक वॉर्डातल्या पोरांनी तीन कामं करावीत. पहिलं, नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आपल्या वॉर्डात बाग आणि मैदानासाठी किती जागा आरक्षित होत्या, किती ताब्यात आल्या, किती कलम १२७ खाली गेल्या, आणि मंजूर लेआउटमधल्या ओपन स्पेसचे नकाशे. दुसरं, आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी ठरावीक मुदत असते. तिच्यात एकट्या संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज देऊ नका, घरटी एक हरकत नोंदवा. तिसरं सगळ्यात सोपं आहे. भर दुपारी दोन वाजता आपल्या जवळच्या बागेच्या गेटवर जा. कुलूप असेल तर त्याचा फोटो काढा, वेळ आणि तारीख लिहा, आणि दुपारी बाग उघडी ठेवावी असं निवेदन पालिकेला द्या. निवेदनावर पहिल्या सह्या धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या घ्या, सफाई कामगारांच्या घ्या. आपल्या सह्या सगळ्यात खाली.

जय भीम!